मुंबईत राहून ट्राउट फिशिंग कसं सुरू करायचं, आणि एवढा खर्च करून मजा येते का?

तुम्ही लिहिलंय की पवईला दोन-तीनदा गळ टाकून झालाय, आता डोंगरातल्या वाहत्या ओढ्यात ट्राउट पकडायचाय, तर जायचं कुठे, सामान काय घ्यायचं आणि पैसे वसूल होतात का. मजा येते, भयंकर येते. पैसे वसूल म्हणजे मासे घरी आणायचे असं डोक्यात असेल तर मात्र विसरा, त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन सुरमई घ्या, आई पण खूश होईल.

आधी वाईट बातमी. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत ट्राउट नाही आणि राहणारही नाही. त्याला १०-१५ डिग्रीचं पाणी मानवतं, २० च्या वर गेलं की खाण्यावरचं मन उडतं, २५ ला जीव टेकीला येतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, १० डिग्रीला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २८ डिग्रीला पावणेआठच्या आसपास, आणि या माशाला तो भरपूर लागतो. ऑगस्टमध्ये भिवपुरीच्या धबधब्याखाली आपण कितीही कुडकुडलो तरी ट्राउटच्या हिशोबाने तो गिझर आहे. तसा तो हिमालयातलाही नाही म्हणा, साहेबाला इथे करमेना म्हणून त्याने अंडी बोटीने मागवली, काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउट रुजला, निलगिरीत अव्हलांचला १९०७ मध्ये हॅचरी (अंड्यांतून पिल्लं वाढवायची जागा) झाली, कुल्लूकडे १९०९ च्या सुमारास पोचला. आता तिथल्या पोरांना तो आपलाच वाटतो.

जागा बऱ्याच आहेत, काश्मीरात लिद्दर, हिमाचलात बारोटची उहल, उत्तराखंडात दोडीताल, दक्षिणेत मुन्नारच्या वर रेनबो ट्राउट (याच माशाची दुसरी जात). पण मुंबईहून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हिमाचलातली तीर्थन नदीच सांगेन. विमानाने किंवा ट्रेनने चंदीगड, तिथून रात्रीची मनालीची बस, पहाटे औटला उतरायचं (ड्रायव्हरला चारदा सांगून ठेवा, झोपलात तर डायरेक्ट कुल्लू), मग बंजारवरून गुशैणी. नदीकाठीच होमस्टे आहेत, खोलीतून पाण्याचा आवाज रात्रभर, पहिल्या रात्री मला वाटलं पाऊस पडतोय.

आता माझी फजिती ऐका, कारण तुमचीही हीच होणार. माझं आजोळ पेणकडचं, मामासोबत लहानपणापासून खाडीवर गरवायला जायचो. भरती बघायची, कोळंबी लावायची, शिसं बांधून गरी लांब फेकायची आणि बांधावर बसून मामाच्या गप्पा ऐकायच्या, शिंगाळा लागला तर लागला, जिताडा लागला तर गावभर बोंब. म्हणजे फेकणं आणि बसणं एवढंच मला येत होतं. तीर्थनला पोचलो आणि तेच केलं, एका मोठ्या दगडावर उभा राहिलो, निळा टीशर्ट, जमेल तेवढा लांब फेकला आणि उभा. दोन दिवस. एक मासा नाही. तिसऱ्या दिवशी होमस्टेवाल्यांचा पुतण्या, असेल सतरा-अठराचा, बराच वेळ काठावरून बघत होता, शेवटी न राहवून म्हणाला, "भैया, आप तो उसको ऊपर से नमस्ते कर रहे हो."

सगळी मेख तिथेच आहे. ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणजे तुम्ही वरच्या अंगाने उतरत आलात की त्याच्या तोंडासमोरच येता, आणि दगडावर उभे असाल तर काय, होर्डिंगच. त्यामुळे खालून वर चालत जायचं, त्याच्या पाठीमागून, वाकून, मळक्या रंगाचे कपडे घालून, सावली पाण्यावर पडणार नाही असं बघून. आणि लांब फेकायचं नाहीच, आठ-दहा मीटर पुष्कळ झाले. फेकायचं कुठे तर जिथे जोराचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं ती रेघ असते ना तिथे, मोठ्या दगडाच्या मागे जो खळगा असतो तिथे, कारण तो आळशी आहे, उभा संथ पाण्यात राहतो आणि घास जोराच्या पाण्यातला उचलतो. (लोकलच्या दारात आत टेकून उभं राहायचं आणि प्लॅटफॉर्मवरचा वडापाव उचलायचा, तसं.) एका जागी चार-पाचदा टाकून बघायचं, नाही आला तर पुढे. बसायचं नाही. दिवसाला तीन-चार किलोमीटर दगडांवरून चालणं होतं, आणि खरं सांगू, मजा यातच आहे, पाणी वाचायला लागतो आपण, संध्याकाळी डोळे मिटले तरी रेघा दिसतात.

त्या पोराने मला गुडघ्यांवर बसवलं, अक्षरशः. एका बसक्या दगडामागून मनगटाने नुसता झटका देऊन स्पिनर (पाण्यात गोल फिरणारं चकचकीत पत्र्याचं खोटं आमिष) वरच्या अंगाला टाकला, प्रवाहापेक्षा जरा जास्त वेगाने गुंडाळत आणला, आणि दुसऱ्या खेपेला रॉडला टक्क असं झालं. खाडीतल्या शिंगाळ्यासारखी ओढ नाही ती, हातातून वीज सळसळत गेल्यासारखं काहीतरी. वीतभरापेक्षा थोडा मोठा ब्राउन ट्राउट. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बधिर झालेला, त्या ओल्या हातावर तो आडवा, पोट लोण्याच्या रंगाचं, अंगावर काळे ठिपके आणि मध्येमध्ये लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती एक फिकट कडं, कोणीतरी बसून बारीक ब्रशने काढल्यासारखं. फोन काढेपर्यंत सोडून दिला, फोटो नाही. बायकोचा अजून विश्वास नाहीये.

सामान. पहिल्याच ट्रिपला फ्लाय फिशिंगच्या (पिसांचा नकली किडा लावून गरवायच्या) नादी लागू नका, लाइन हवेत झुलवायला शिकण्यातच सुट्टी संपते आणि मागच्या झाडात अडकते ते वेगळं. सहा फुटाचा अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड, लहान रील, ४ ते ६ पाउंडची लाइन, एक-दोन नंबरचे पाच-सहा स्पिनर, बास. दगडात अडकून दोन तरी जाणार हे धरून चाला. तिहेरी हूक असेल तर पक्कडने टोकांचे उलटे काटे दाबून टाका, मासा पटकन सुटतो, आणि तुमच्या बोटात घुसला तर तुम्हीही पटकन सुटता. रॉड शक्यतो तीन-चार तुकड्यांचा घ्या, हूक आणि पक्कड चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत ठेवून सिक्युरिटीवाल्यांशी वाद घालू नका. पोलराइज्ड गॉगल हवाच, पाण्यावरची चमक जाते आणि खालचे दगड दिसतात, मासा दिसो न दिसो पाय कुठे ठेवायचा ते तरी कळतं. बूट हा खर्चाचा विषय आहे, शेवाळावर साधे ट्रेकिंगचे बूट घसरतात, एक काठी सोबत ठेवा आणि मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका, प्रवाह दिसतो त्यापेक्षा खूप जड असतो.

प्रॅक्टिस मुंबईतच करा. मी बिल्डिंगच्या गच्चीवर हूकऐवजी एक नट बांधून बादलीत टाकायचो, वॉचमन काकांनी आठवडाभर बघितलं आणि मग शांतपणे विचारलं, टाकीत मासे झालेत का.

सीझन: हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद, कारण ब्राउन ट्राउट थंडीत गोट्यांत अंडी घालतो. मार्च-एप्रिल झकास, मे-जूनच्या सुट्टीत जाल तर बर्फ वितळून पाणी वाढलेलं असतं, मग सकाळी लवकर जायचं, दुपारनंतर पाणी चढतं. पावसात गढूळ, सोडून द्या. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर माझ्या मते सगळ्यात बेस्ट, पाणी काचेसारखं, त्यामुळे मासा जास्त बुजरा, पण गर्दी नसते.

खायचं म्हणाल तर नदीतला सोडा, तिथे फार्मचा रेनबो मिळतो, तो खा. मी घरून आगरी मसाला नेला होता, एकदा लावून तळला आणि चूक कळली, माशाची चवच गेली, मऊ आणि गोडसर असतो तो, मीठ, लिंबू, थोडं लोणी एवढंच लागतं. सुरमईच्या पुढे ठेवणार नाही मी त्याला, माफ करा.

आणि लायसन्स. मत्स्य विभागाचं दिवसाचं लायसन्स काढायचंच, होमस्टेवाले मदत करतात, मागे नियम असतात ते वाचा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझा खिशात होता, घसरून कमरेपर्यंत भिजलो आणि त्याच दिवशी गार्ड आला, मी त्याच्या हातावर पांढरा लगदा ठेवला. त्याने तो उलगडायचा प्रयत्न केला, शिक्क्याचा निळा डाग दिसला, म्हणाला ठीक है, और अब धूप में बैठिए.