वकिली नको, राज्यघटना शिकवायची आहे

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. गुण चांगले आहेत, पण कोर्टात उभं राहायची हौस नाही. राज्यघटना आणि कायद्याचं तत्त्वज्ञान यांत संशोधन करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. मी माध्यमिक शिक्षक आहे, निवृत्तीला सहा वर्षं उरली. यात पोट भरेल का? परदेशी पाठवावं लागेल का? आणि वकिलीची सनद घेऊन ठेवावी का? – एक पालक, बार्शी

उत्तर : पोट भरतं, पण उशिरा. पदवी हातात पडेल तेव्हा ती तेविशीच्या आसपास असेल. पुढे एलएल.एम., म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, एक किंवा दोन वर्षं, मग पीएच.डी. किमान तीन, कमाल सहा वर्षं. कायम नोकरी तिशीच्या अलीकडे-पलीकडे धरा. म्हणजे तिचं संशोधन ऐन रंगात असताना तुम्ही निवृत्त होणार. खरा प्रश्न मधल्या चार-पाच वर्षांच्या खर्चाचा आहे आणि त्याचं उत्तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीत आहे.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं भत्ता. म्हणजे पीएच.डी. घरच्या पैशांवर करावी लागत नाही. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३०, पण महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एलएल.एम. चालू असतानाच बसता येतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा कायद्याचा, १०० प्रश्न, २०० गुण. एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

घटनेची आवड असलेली मुलं गडबडतात ती इथेच. कायद्याच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. न्यायशास्त्र, घटनात्मक व प्रशासकीय कायदा आणि तौलनिक सार्वजनिक कायदा हे तीन तिचे लाडके. फौजदारी, अपकृत्य, व्यापारी, कौटुंबिक, बौद्धिक संपदा वगैरे उरलेल्या सातांकडे पाठ फिरवून जेआरएफ मिळत नाही. पहिला पेपर तर ‘सामान्यज्ञान आहे, होईल’ म्हणून सोडून देतात आणि नेमके तिथले गुण कमी पडतात.

सोबत सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षाही द्यावी. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. तिच्यात शिष्यवृत्ती नाही, पण इथल्या महाविद्यालयांत आणि राज्य विद्यापीठांत पात्रता मिळते. एलएल.एम.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट, एवढं झालं की सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. पूर्ण वेतनश्रेणीत सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. ही श्रेणी मिळेपर्यंत आपल्याकडे अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर जातात, हेही घरात आत्ताच बोलून ठेवा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत, तुमच्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते पाहा.

एलएल.एम.साठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा बहुधा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, उतारे बरेचसे न्यायालयीन निकालांतले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी. पारंपरिक विद्यापीठांतलं दोन वर्षांचं एलएल.एम. दुय्यम समजू नका. फी बरीच कमी असते, आणि नेटच्या तयारीला व प्रबंधिकेला जास्तीचं वर्ष मिळतं. प्रवेशाआधी एवढंच तपासा की घटनात्मक कायद्याचा गट तिथे खरोखर चालतो का, आणि मार्गदर्शकांनी गेल्या तीन-चार वर्षांत स्वतः काय लिहिलं आहे.

या क्षेत्रात माणूस ओळखला जातो लेखनावरून. तिने पाचव्या वर्षाअखेर एक, फक्त एक, नीट लेख पुरा करावा. ‘मूलभूत संरचनेचा सिद्धांत : एक अभ्यास’ असा विषय घेतला तर लेख पहिल्या पानावरच बुडतो. संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेचा मूळ गाभा मोडू शकत नाही, हा तो सिद्धांत. तो ज्यात मांडला गेला तो केशवानंद भारती खटला, १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, हे कायद्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. विषय असा अरुंद करायचा : मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा धर्मनिरपेक्षतेचा भंग म्हणून रद्द केला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवताना सांगितलं, की केवळ मूलभूत संरचनेचा भंग होतो म्हणून साधा कायदा रद्द करता येत नाही. घटनेतल्या विशिष्ट तरतुदीचा भंग किंवा विधिमंडळाला अधिकार नसणं दाखवावं लागतं. पण १९७५ च्या इंदिरा गांधी निवडणूक खटल्यातही न्यायमूर्तींचं यावर एकमत नव्हतं. घटनादुरुस्तीला जी कसोटी लागते, ती तिच्याहून खालच्या पायरीवरच्या कायद्याला का लागू नये? हा झाला प्रश्न. इथे कायद्याच्या दोन तत्त्वज्ञांच्या कल्पना आपोआप कामाला येतात : केल्सनची नियमांची उतरंड (वरच्या नियमातून खालच्याला बळ मिळतं) आणि हार्टचा ‘मान्यतेचा नियम’ (कायदा कशाला म्हणायचं हे ठरवणारा). तत्त्वज्ञान वेगळ्या परिच्छेदात चिकटवावं लागत नाही.

तत्त्वज्ञानाची तयारी परीक्षेच्या पुस्तकांतून होत नाही. तिथे ‘विश्लेषणवादी संप्रदाय’, ‘ऐतिहासिक संप्रदाय’ असे कप्पे आणि प्रत्येकावर पाच-पाच टीका असतात. त्यापेक्षा १९५८ साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त आलेला हार्टचा लेख आणि त्याला फुलर या दुसऱ्या तत्त्वज्ञाने दिलेलं उत्तर, दोन्ही मुळातून वाचावीत. नाझी काळातल्या दुष्ट कायद्याला कायदा म्हणायचं का, हा वाद आहे. लगेच जबलपूरच्या खटल्याचा १९७६ चा निकाल, म्हणजे आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येत नाही असं सांगणारा, वाचावा आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी तो चूक कसा ठरवला ते पाहावं. निकाल ई-एससीआर (सर्वोच्च न्यायालयाचं) आणि इंडियन कानून या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, संविधान सभेच्या चर्चाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जुने प्रबंध चाळले की कोणत्या विषयांचा चोथा झाला आहे तेही कळतं.

लेख हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या ‘इंडियन जर्नल ऑफ कॉन्स्टिट्यूशनल लॉ’सारख्या समीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून लेख छापणाऱ्या) नियतकालिकाकडे पाठवावा. नकार येईल, शेरे येतील, सुधारून पुन्हा पाठवायचा. चार दिवसांत ‘स्वीकृत’ कळवून प्रकाशन शुल्क मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. मुलाखतीत असे दहा लेख एका लेखाइतकेही मोजत नाहीत.

‘नुसतं शिकवून काय होणार’ असं नातेवाईक विचारतीलच. गडचिरोली भागातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात आरोपी पोलीस सुटले, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून उठलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

परदेश लगेच नको, निदान कर्ज काढून नको. ऑक्सफर्डची बीसीएल ही पदव्युत्तर पदवी किंवा येलचं एलएल.एम. या विषयांसाठी उत्तम आहेत, पण अध्यापकाच्या पगारातून तिथलं कर्ज फिटताना जीव मेटाकुटीला येतो. ऱ्होड्स, फेलिक्स, चिव्हनिंग किंवा सरकारी परदेश शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जावं. प्रत्येकीची वयाची आणि अनुभवाची अट वेगळी आहे. चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पीएच.डी. मात्र पूर्ण निधी मिळत असेल तर परदेशातच केलेली बरी, कारण शुद्ध न्यायतत्त्वज्ञानाचे मार्गदर्शक आपल्याकडे मोजके आहेत.

सनद घेऊन ठेवावी. बार कौन्सिलची परीक्षा पदवीनंतर लगेच दिलेली सोपी जाते. पूर्णवेळ पगारी नोकरी लागली की सनद स्थगित ठेवायला अर्ज करावा लागतो. तो विसरला तर गैरवर्तन ठरू शकतं. अर्धवेळ शिकवणाऱ्याला मात्र १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत अध्यापन करून वकिली चालू ठेवता येते. तासिका तत्त्वाच्या वर्षांत एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे रिट याचिकांचे मसुदे करणं त्यामुळे जमतं आणि चार पैसेही सुटतात.