नागपुरात भाड्याच्या फ्लॅटचा हॉल १० हजारांत, हाताने केलेल्या वस्तू वापरून कसा सजवावा?

तुमच्या प्रश्नात इतकं कळलं: हॉलची मोठी भिंत पश्चिमेची आहे, मालक रंग बदलू देत नाही, हातात १० हजार आहेत आणि काय घ्यायचं, कुठून घ्यायचं ते सुचत नाही. शेवटी एक ओळ आहे, 'आईच्या जुन्या सुती साड्या आहेत, पण भिंतीवर लावल्या तर गावठी दिसेल का?'

खरं सांगते, तो 'गावठी' शब्द नसता तर मी लिहायला बसलेच नसते. आमच्या घरी हाच शब्द मोठ्या जाऊबाईंचा. "कायले त्या चिंध्या भिंतीले टांगते?" त्यांना तिथे वॉलपेपर हवा होता. त्यावर पुढे येतेच.

नाही दिसत गावठी. टाके वेडेवाकडे, रंग सुटलेला आणि मधे झोळ आलेली साडी मात्र चिंधीच दिसते, त्यात आईच्या साडीचा काय दोष?

भिंतीवर साडी नुसती ताणून लावू नका. तिची पातळ वाकळ, म्हणजे गोधडी, करा. सहावारी साडी साधारण ५.५ मीटर असते. तिचे तीन सारखे भाग केले की ६ फूट लांब आणि पन्ह्याइतके, म्हणजे ४५ इंच रुंद, तीन थर मिळतात. पांघरायच्या वाकळीला जास्त थर लागतात, भिंतीला तीन पुष्कळ झाले. साडी नेसून नेसून बसायच्या जागी आणि खालच्या काठाशी विरते. तो भाग मधल्या थरात घाला. पदराचा चांगला भाग पुढे, उरलेला मागे. नऊवारी लुगडं असेल तर चार थर निघतात, चौथा ठिगळांसाठी ठेवा.

कात्री लावण्याआधी धुणं. हे टाळलं की पुढचं सगळं वाया. जुन्या साडीत खळ मुरलेली असते, आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, चोळून दोनदा खळबळून काढा. मग रंगाची परीक्षा घ्या: पांढरं फडकं ओलं करून लाल, जांभळ्या, गडद निळ्या काठावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर साडी पुन्हा भिजवा, पाणी नितळ येईपर्यंत. मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवून सुटणारा रंग पक्का होत नाही, कोणी कितीही शपथेवर सांगो. चार पाण्यांनंतरही रंग येत असेल तर ती साडी पांढऱ्याच्या शेजारी लावायचीच नाही. शिवताना काही दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात भिंतीची ओल कापडात उतरते आणि काठाभोवती गुलाबी ढग उमटतो. तो मग निघत नाही.

आता टाचण. तीन थर फरशीवर पसरा, कोपऱ्यांवर पाट किंवा डबे ठेवा, तळहाताने मधून कडेकडे हवा काढा. मग वीतवीतभर अंतरावर उभं-आडवं लांब टाक्यांनी टाचून घ्या. याचा कंटाळा केला की कडेने शिवत आत येताना मधला थर सरकत जातो आणि शेवटी पोटाशी फुगा उरतो. तो इस्त्रीनेही बसत नाही, उसवावंच लागतं.

धावदोरा अर्ध्या अर्ध्या इंचावर, उभ्या रेघांत. हिशेब सांगते, कारण बायका इथेच फसतात. ४५ इंच रुंदीत अर्ध्या इंचाने ९० रेघा येतात, प्रत्येक ७२ इंचांची. म्हणजे जवळजवळ १६५ मीटर शिलाई. दोरा दुहेरी घ्यायचा, त्यात टाक्यांचा वर-खाली जाणारा भाग धरला तर ४०० मीटर सुती दोरा एकदमच आणा. निम्म्यात संपला की दुसऱ्या लॉटचा पांढरा वेगळाच निघतो, आणि तो फरक खोलीच्या दारातून दिसतो. एका रेघेला १०-१२ मिनिटं लागतात, तर सगळे मिळून १५ ते १८ तास. रोज तासभर बसलात तर दोन-अडीच आठवडे होतात. सुईत दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नका, पीळ पडून गाठी होतात. टाका ओढून घट्ट करू नका. घट्ट टाक्याने वाकळ लांबीत दोन-तीन इंच आखडते आणि कडा झालरीसारख्या लाटा घेतात. सैल टाक्याची वाकळ भिंतीवर सपाट पडते.

टांगायचं कसं, यावर आमच्याकडे खरं भांडण झालं. कोपऱ्यांना लूप शिवून खिळ्यांना अडकवली तर दोन खिळ्यांच्या मधे कमान पडते. महिन्याभरात वाकळ वाळत घातलेल्या चादरीसारखी दिसते. जाऊबाई त्या कमानीकडे बोट दाखवायच्या आणि त्यांचं बरोबर होतं. उपाय नेफ्याचा. मांजरपाटाची, म्हणजे कोऱ्या सुती कापडाची, ९ इंच रुंद पट्टी दुमडून मागच्या वरच्या कडेला चार इंचांचा नेफा शिवा, फक्त मागच्या आणि मधल्या थरात सुई घालून, म्हणजे पुढे टाका दिसत नाही. नेफा जरा सैल ठेवा. ताठ शिवला तर पाइपची गोलाई पुढून उठून दिसते. दोन्ही बाजूंना नेफा इंचभर आखूड ठेवा. आत पाऊण इंची पडद्याचा पाइप, ४८ इंच लांब. बांबू घालायचा मोह होतो, पण नीट न वाळलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि सोफ्यावर पिवळा भुसा पडत राहतो.

भिंतीत खिळा ठोकू नका. प्लास्टर जेमतेम अर्धा-पाऊण इंच जाड असतं, खिळा त्यातच राहतो आणि पहिल्या झटक्याला खपली घेऊन येतो. ६ एमएमचं बिट, दीड इंच खोल भोक, म्हणजे विटेपर्यंत, त्यात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) आणि दीड इंची स्क्रूचा हुक. दोन हुकांमध्ये ४६ इंच. दोन्ही हुक एका पातळीत यायला गवंड्याची पाण्याची नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर छतापासून दोन्हीकडे टेपने मोजा. फक्त जुन्या घरांत छतही तिरकं असतं, हे लक्षात असू द्या. हुक भिंतीपासून इंचभर बाहेर राहू द्या आणि वाकळीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे शिवा. मागे हवा खेळली नाही तर जुलैत भिंतीला टेकलेल्या जागी बुरशीचे काळे ठिपके येतात. घर सोडताना भोकात पुट्टी भरा, वाळली की पॉलिश पेपर फिरवा. मालकाला दोन भोकं दिसणारही नाहीत.

आता जाऊबाईंनी लावलेला तो वॉलपेपर. नेहमीचा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे ५७ चौरस फूट. भिंत १० फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच होती, १०५ चौरस फूट. दुकानदाराने भागाकार करून दोन रोल दिले. पण नक्षीच्या कागदाचा भागाकार असा होत नाही. भिंतीला सहा पट्ट्या लागतात आणि कापायची सोय धरून प्रत्येक पट्टी ३.३ मीटर. नक्षी ६४ सेंटीमीटरने पुन्हा येत असेल तर शेजारच्या पट्टीशी फूल जुळवताना दर वेळी अर्धा मीटर वाया जातो आणि एका रोलमधून तीनऐवजी दोनच पट्ट्या निघतात. म्हणजे तीन रोल. लावणाऱ्याची मजुरी निराळी. त्यात डिस्टेंपरवर थेट चिकटवलेला कागद. डिस्टेंपर भुकटीसारखा असतो, ओल आली की कागद रंगाची साल सोबत घेऊन सुटतो. पश्चिमेच्या भिंतीवर तर मे महिन्यात सांधे उघडतात आणि पावसाळ्यात फुगतात. दोन दिवाळ्या टिकला.

याच कारणाने दुहेरी टेप आणि गोंदाची गन विसरा. गनचा गोंद ४५ अंशांच्या दुपारी, तापलेल्या भिंतीवर मऊ पडतो, आणि टेप निघतो तो मालकाच्या रंगासकट. बाटलीला सुतळी गुंडाळणं, आइस्क्रीमच्या काड्यांचे षट्कोन, मॅक्रमेचे झुबके, हे मला हस्तकलेपेक्षा धूळ साठवायची सोय वाटते. ज्याला आवडतं त्याने करावं, पण मे महिन्यातल्या धुळीत सुतळी झटकत बसायची तयारी ठेवावी.

पैशांचं विचाराल तर वाकळीला पाइप, हुक, दोरा एवढाच खर्च. म्हणजे उरलेला जवळजवळ सगळा पैसा पडदे आणि उजेडावर घाला. मोठा भाग पडद्यांवर. कापड गांधीबागेत घ्या, कटपीसमध्ये. ४ फुटी खिडकीला ४८ इंच पन्ह्याचे दोन पडदे, म्हणजे खिडकीच्या दुप्पट कापड. कमी केलं तर पडदा ओढल्यावर पाटीसारखा सपाट दिसतो. ७ फूट उंचीला १० इंच दुमड धरून दोन्हींना ५ मीटर. पश्चिमेच्या खिडकीला मागून मांजरपाटाचं अस्तर हवंच, नाहीतर दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. मांजरपाट आकसतो, म्हणून आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापा. कोरा शिवला तर पहिल्या धुण्यात अस्तर आखूड आणि पडदा फुगलेला.

उजेडासाठी बुरडाकडून फूटभर व्यासाची टोपली आणा, बुडाला मधोमध होल्डरपुरतं भोक पाडा, उलटी टांगा. आत ९ वॅटचा पिवळसर एलईडी, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला. वायरची गाठ होल्डरच्या झाकणाच्या आत मारा, म्हणजे टोपलीचं वजन स्क्रूवर येत नाही. विण सैल असेल तर बल्ब डोळ्यात जातो, आतून मांजरपाटाची पट्टी टाचा. पट्टी आणि बल्ब यांत तीन-चार बोटं अंतर, आणि वर हवा जायला फट. साधा जुना बल्ब यात लावायचा नाही, बांबू करपतो. छतावर विणीच्या सावल्या पडतात, त्या पाहून घ्या एकदा.

कोपऱ्यासाठी काही विकत आणू नका. घरात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर पडला असेल. फुटका कान फेविकॉलने बसवा, चाकांना खोबरेल द्या आणि खालच्या फळीवर ठेवा. रंगवू नका. जुन्या लाकडावर नवा ऑइलपेंट चढवला की तो दुकानातला वाटतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. भिंतीला ओल असेल, हात लावल्यावर गार-दमट लागत असेल किंवा खाली पांढरा खार फुटला असेल, तर वाकळ लावूच नका, मालकाकडून आधी ओल काढून घ्या. कूलरच्या तोंडासमोर टांगू नका. बोअरच्या पाण्याचे तुषार उडतात आणि कापडावर पांढरे क्षार बसतात, शिवाय रात्रभर फडफड. वाकळीने खोली थंड होते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तीन थर सुताने पश्चिमेच्या भिंतीची उष्णता थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काढून ठेवली तर बरं, पण घडी घालू नका. पाइपलाच गुंडाळा, मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला. ऑक्टोबरच्या उन्हात नाही, सावलीत दिवसभर वारा द्या. आणि साडी रेशमी किंवा जरीची असेल तर हे सगळं विसरा, ती कापू नका.

जाऊबाईंच्या त्या तीन रोलमधून प्रत्येकी अडीच-तीन मीटर कागद उरला होता. स्वयंपाकघराच्या कप्प्यांत अंथरायला तो फार छान आहे. ५३ सेंटीमीटर रुंदी कप्प्याच्या खोलीला पुरून उरते, आणि चिकटवायची गरजच नाही.