टाकाऊ वस्तूंपासून दागिने बनवायला सुरुवात कशी करावी, आणि अशा दागिन्यांना कोणी मान देते का?

वस्तू कुठून जमवाव्यात हे मी सांगत बसणार नाही. ज्याला हा प्रश्न पडतो त्याच्या घरातले खोके आधीच भरलेले असते. सुरुवात जोडणीपासून करावी. ग्लू गन आधी बाजूला ठेवा, कारण गरम गोंद गुळगुळीत धातूवर धड धरत नाही आणि उन्हात मऊ पडतो. गोल टोकाची पक्कड, चपटी पक्कड आणि एक बारीक कानस एवढ्यावर बरेच काही होते.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला झोंबला. एका प्रदर्शनासाठी मी जळालेल्या इलेक्ट्रिक मोटरच्या गुंडाळीतली (वाइंडिंगमधली) तांब्याची तार आणि बंद घड्याळांतली पितळी चक्रे यांचा हार दिला होता. तारेवरचे इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, मी पॉलिश पेपरने खरवडून काढले होते (जाळून ते लवकर निघते, पण त्याचा धूर विषारी असतो). वळवताना तांबे कडक होत जाते, म्हणून तार पुन्हा पुन्हा मंद लाल होईपर्यंत तापवून आणि पाण्यात बुडवून मऊ केली होती, आणि प्रत्येक कडीची तोंडे कानशीने इतकी सपाट केली होती की सांध्यावरून नख फिरवले तरी अडकत नसे. आयोजकांपैकी एका गृहस्थांनी तो हार हातातही न घेता, "भंगारच आहे ना?" असे म्हणून मुलांच्या हस्तकलेच्या टेबलावर ठेवायला लावला. हीच कडी सोन्याची असती तर त्यांनी भिंग मागवले असते.

पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके घडवले. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचे तांब्याच्या तारेने गुंफून भिंतभर पडदे करतात आणि मोठमोठी संग्रहालये ते मांडतात. चंडीगडमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून मूर्ती उभ्या केल्या. तेव्हा मान मिळतो, फक्त तो देणाऱ्याला जोडकाम पाहता यावे लागते, आणि ज्याला ते पाहता येत नाही त्याने दालने वाटू नयेत.

काही धोके सांगायचे राहिले. अंधारात चमकण्यासाठी जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग देत असत. त्या मुळीच खरवडू नका, कारण चमक विझली तरी रेडियम तिथेच असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. सर्किट बोर्ड कापायचाच असेल तर ओला करून आणि मास्क लावून कापा. त्यात काचतंतू असतात, आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसे. कानातले हूक तेवढे टायटॅनियमचे, नवे विकत घ्या, कारण निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. नव्या हूकमुळे काम अस्सल राहत नाही असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या कानाला खाज सुटली की तो आपोआप मिटतो.