परिच्छेदातील प्रत्येक वाक्य मुख्य विचाराला धरून कसे ठेवावे?

आपण विचारले आहे की, परिच्छेद एकाच विषयावर लिहूनही तो ‘भरकटलेला’ असल्याचा शेरा का मिळतो आणि त्यावर उपाय काय. मी काही वर्षे इतरांचे लेख तपासण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की, आपल्या प्रश्नातील ‘एकाच विषयावर’ या शब्दांतच अडचण आहे. विषय एक असला म्हणजे विचारही एक असतो, असे नाही. ‘लोणारचे सरोवर’ हा विषय झाला; ‘लोणारचे सरोवर ज्वालामुखीमुळे नव्हे, तर उल्कापातामुळे तयार झाले’ हा विचार झाला. विषयात क्रियापद नसते, त्यामुळे त्याच्या पोटात काहीही सामावते. विचार मात्र पूर्ण वाक्यात मांडावा लागतो आणि ते वाक्य पुढच्या वाक्यांना अटकाव करू शकते.

उदाहरणादाखल मीच एक सदोष परिच्छेद लिहितो. “लोणारचे सरोवर ज्वालामुखीमुळे नव्हे, तर उल्कापातामुळे तयार झाले. हे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात असून त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विवरातील पाणी खारट व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. तसेच गावातील दैत्यसूदनाचे मंदिरही प्रेक्षणीय आहे.”

यातील एकही विधान खोटे नाही आणि एकही वाक्य लोणारबाहेर गेलेले नाही. तरीही सरोवर उल्कापातामुळे झाले हे कशावरून, हा पहिल्या वाक्याने वाचकाच्या मनात जागा केलेला प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहतो. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वाक्य आपल्या आधीच्या वाक्याला चिकटले आहे, पहिल्या वाक्याला नाही. विवरावरून पाणी आठवले, पाण्यावरून रंग, रंगाच्या वर्षावरून रामसर यादी, आणि यादीनंतर काही सुचेना म्हणून मंदिर. गप्पा अशाच रंगतात आणि तेथे ते शोभूनही दिसते. परंतु लेखी परिच्छेदात ही भेंड्यांची रीत चालत नाही. शाळेत दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे निबंध लिहिताना एकही मुद्दा सुटू नये, ही जी धास्ती आपल्या अंगी मुरते, तिचाही यात वाटा असावा, असा मला संशय आहे.

आता तोच परिच्छेद पहिल्या वाक्याशी प्रामाणिक राहून लिहू. “बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्वालामुखीमुळे नव्हे, तर उल्कापातामुळे तयार झाले. भोवतालचा सगळा खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसापासूनच घडलेला असल्यामुळे हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु विवरातील गाळाखालच्या खडकांत मॅस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ सापडला. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा आघात झाला की तो तयार होतो, आणि एवढा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही.” येथे दुसरे वाक्य वरवर पाहता विरुद्ध बाजूचे आहे, तरीही ते मुख्य विचाराचेच आहे, कारण ज्या समजाचे खंडन करायचे आहे, तो समज ते वाचकासमोर ठेवते. आक्षेप, अपवाद, कारण आणि पुरावा हे सारे परिच्छेदात बसू शकते. केवळ शेजारची माहिती बसत नाही.

जिल्ह्याचे नाव कोठे गेले, हेही पाहावे. माहिती आवश्यक असली, पण तिच्यावर परिच्छेदाचा भार नसला, तर तिला स्वतंत्र वाक्य न देता विशेषण करून टाकावे. या संदर्भात ‘असून’ या शब्दाविषयी सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘हे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात असून त्याच्या विवराचा व्यास…’ या वाक्यात जिल्ह्याचा आणि व्यासाचा काडीचाही संबंध नाही, पण ‘असून’मुळे तो असल्याचा भास होतो. ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ हे शब्दही असेच फसवे आहेत. परिच्छेद लिहून झाल्यावर असा प्रत्येक जोडशब्द झाकून पाहावा आणि त्याच्या जागी ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’ किंवा ‘उदाहरणार्थ’ यांपैकी काही बसते का, हे तपासावे. काहीच बसत नसेल, तर ते वाक्य बहुधा पाहुणे आहे.

कधी कधी मात्र दोष पाहुण्यांचा नसतो. सहापैकी चार वाक्ये पहिल्या वाक्याशी जुळत नसतील, पण आपापसांत जुळत असतील, तर मुख्य वाक्यच बदलावे. वरच्या सदोष परिच्छेदात खारटपणा, गुलाबी रंग आणि रामसर यादी ही तीन वाक्ये पाण्याभोवती फिरतात. ‘लोणारचे वेगळेपण त्याच्या पाण्यात आहे’ अशी सुरुवात केली असती, तर ती थोड्या दुरुस्तीने शोभली असती. आपल्याला खरोखर काय म्हणायचे होते, हे पुष्कळदा पहिला खर्डा झाल्यावरच कळते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

राहिले दैत्यसूदनाचे मंदिर. त्याच्याविषयी आपल्याजवळ आणखी तीन-चार वाक्यांचा ऐवज असेल, तर त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. नसेल, तर ते वाक्य सरळ खोडावे.