लाथा का बसत नाहीत?

प्रश्न : बेळगावातल्या खडेबाजारातून 'स्ट्रीट फायटर २' या मारामारीच्या व्हिडिओ गेमचं जुनं मशीन आणलं. ठोसे बसतात, लाथा नाहीत. रियू या पात्राचा अग्निगोळाही क्वचितच सुटतो. शिवाय, कॉम्बो, म्हणजे लागोपाठ जोडून बसणारे फटके, मुद्दाम ठेवले होते का? – वाचक, निपाणी

उत्तर : बटणं बदलायची घाई नको. मशीनला गेमच्या बोर्डाशी जोडणाऱ्या ५६ पिनांच्या जामा हार्नेसमधून (ठरावीक पद्धतीच्या वायरींच्या जुडग्यातून) प्रत्येक खेळाडूची ठोशांची तीनच बटणं जातात. लाथांच्या तिन्ही बटणांसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर असतो. तीच वायर बहुधा भंगारात गेली. नवी बांधा, ग्राउंड जोडायला विसरू नका.

गोळ्यासाठी खाली, तिरपं खाली-पुढे, पुढे आणि ठोसा. तिरप्या जागी लिव्हरखालचे दोन मायक्रोस्विच (छोटी बटणं) एकदम दाबले गेले पाहिजेत. मीटर लावून बघा. एक जरी झिजला असेल तरी तिरपी खूण बोर्डापर्यंत पोचत नाही, आणि माणूस उगाच आपल्या हाताला दोष देतो. व्होल्टेज बोर्डावरच मोजा, सप्लायवर नाही. बारीक वायरीत ते पडतं. ५ व्होल्ट हवेत.

कॉम्बो मुद्दाम नव्हते. कॅपकॉमचा हा गेम १९९१चा. मोटार फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना एका फटक्याला जोडून आणखी फटके बसतात, हे निर्माते फुनामिझू यांना दिसलं. चूक तशीच राहू दिली! या पहिल्या आवृत्तीत दोन्ही खेळाडूंना एकच पात्र घेता येईना, ती सोय १९९२च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये आली. पुढे छेडछाड केलेले वेगवान बोर्ड फिरू लागले, तेव्हा त्याच वर्षी कंपनीनेच 'टर्बो' ही वेगवान आवृत्ती काढली.