रक्त दिलं, पुढे काय?

प्रश्न : माझ्या आईला ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सांगितली, ती आम्ही उसनवारी करून केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'बीआरसीए-२ मध्ये बदल, महत्त्व अनिश्चित'. आम्ही दोघी बहिणी. धाकटी म्हणते, टांगती तलवार नको, आधीच ऑपरेशन करून स्तन काढून मोकळं होऊ. पैसे वाया गेले का? – एक वाचक, वाशीम

उत्तर : आधी धाकटीला थांबवा. बीआरसीए-२ हे जनुक बिघडलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, पण नुसता बदल म्हणजे बिघाड नव्हे. एवढ्या रिपोर्टवर कुणी ऑपरेशन करत नाही, आणि कुणी करतो म्हणाला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

'पाणी'चं 'पानी' झालं तरी तहान भागते. 'दिन'चं 'दीन' झालं की अर्थच पालटतो. तुमच्या आईच्या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलंय, पण ते यातलं कुठलं हे प्रयोगशाळेला ठरवता आलेलं नाही. ठरवण्याची एक मोठी खूण साधी असते : हाच बदल किती निरोगी माणसांत आहे? शंभरातल्या एकीत असेल आणि त्या सगळ्या ठणठणीत असतील, तर गुन्हेगार तो नव्हे. पण ही निरोगी माणसं कुणाची मोजली? वर्षानुवर्षं मुख्यतः युरोपीय वंशाची. आपल्याकडे घराघरांत असलेला बदल त्या यादीत नसेल, तर तो दुर्मीळ म्हणून संशयित ठरतो.

अमेरिकेत याचा फटका बसलेला आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारात काही कृष्णवर्णीय रुग्णांना 'दोष सापडला' असं सांगितलं गेलं. २०१६ साली उघड झालं की ते बदल कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास असतात आणि निरुपद्रवी आहेत. तुलनेच्या गटात थोडी जरी कृष्णवर्णीय माणसं घेतली असती, तरी चूक तेव्हाच कळली असती.

आपल्याकडे भारतीयांच्या जनुकांची नोंद करणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. ८३ समाजगटांतल्या ९,७७२ जणांचा त्यात अभ्यास आहे. आकडा भरघोस वाटतो, पण भागाकार करा : एका गटाला सव्वाशेही येत नाहीत. आणि आपण तर शतकानुशतकं जातीतच सोयरीक करत आलो. एका जातीत नेहमीचा असलेला बदल शेजारच्या जातीत कधीकधी औषधालाही सापडत नाही. त्यामुळे तुमचा समाज त्यात नीट आलाय की नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दर वर्ष-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा, 'या बदलाचं पुन्हा वर्गीकरण झालं का?' असे बदल पुढे निकालात निघतात तेव्हा बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. मात्र रिपोर्ट बाजूला ठेवला तरी आईचं वय उरतंच. तुम्ही दोघींनी पस्तिशी-छत्तिशीपासून स्तनांची नियमित तपासणी सुरू करायची, ती कशी आणि किती वेळा हे कर्करोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण असा अधांतरी निकाल येऊ शकतो हे तपासणीआधी तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचा मला राग येतो.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या पाड्यावर जनुकांच्या अभ्यासासाठी रक्त घ्यायला टीम येणार आहे. मागे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त नेलं, परत कुणी आलं नाही. लोक मला विचारतात, ताई, द्यायचं का? – धडगाव, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, तो 'कुणी' मी असू शकते. पंचवीस वर्षांपूर्वी सातपुड्यात मीही सिरिंजांचा डबा घेऊन फिरले आहे. अंगठे घेतले, नमुने घेतले, जीप खाली उतरली. निकाल माझ्या कपाटात आले. पाड्यावर पोचले का, हे मी कधी जाऊन पाहिलं नाही. म्हणून तुमच्या लोकांना अडाणी म्हणायची माझी छाती नाही.

त्यांचा संशय जगावेगळाही नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. मधुमेहाचा अभ्यास म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं, पण ते स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या संशोधनातही वापरलं गेलं. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्तही परत केलं.

तरीही मी 'द्या'च म्हणेन. कारण आपल्या माणसांवर अभ्यास झाला की औषधाचा डोसही बदलतो. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध अमेरिकेत मुलांना सहसा वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी आपल्या मुलांना १० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेवढ्यानेही दुखण्याचे झटके कमी झाले. निम्मं औषध म्हणजे निम्मा खर्च, आणि दुष्परिणामांची धास्तीही कमी. हे परदेशातल्या आकड्यांवरून कधीच कळलं नसतं.

पण रक्त देण्याआधी टीमला बसवून घ्या. फॉर्म पावरी बोलीत वाचून दाखवायला सांगा, मराठीत नव्हे. रक्त याच अभ्यासासाठी की पुढेही वापरणार, कुठे ठेवणार, नंतर कुणी 'माझं नको' म्हणाला तर काय, हे सगळ्यांसमोर विचारा. माहितीपत्रकाची प्रत प्रत्येकाला मिळायलाच हवी, त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यास नीतीने होतो ना हे पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. निकाल सांगायला कोण आणि कुठल्या महिन्यात येणार, हेही विचारा. 'बघू' म्हणाले तर डबा उघडू देऊ नका. आणि टीमच्या प्रमुखाचा मोबाइल नंबर तुमच्या वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे तेव्हा कुणी मागितला नव्हता.