कर्जाची वही घरात सगळ्यांना दिसू द्या
वाचकांचे प्रश्न : घरचा हिशेब

प्रश्न : माझे यजमान इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत. आठवडी पगार मिळतो आणि महिन्याचे सरासरी २२ हजार होतात. मी घरी शिवणकाम करते, त्यातून सहा हजार मिळतात. सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी १४ महिन्यांपूर्वी एका खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी ४० हजार घेतले. दरमहा दोन हजार व्याज भरते, पण मुद्दल तसेच आहे. याशिवाय महिलांच्या गटामार्फत दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जे आहेत. त्यांचे ३८ हजार आणि २७ हजार बाकी असून हप्ते २,४५० आणि २,१०० रुपयांचे आहेत. फ्रीजचे १,८०० रुपयांचे पाच हप्ते राहिले आहेत. आईने दिलेल्या पाटल्या पतसंस्थेत ६० हजारांना तारण आहेत. वर्षाला १२ टक्के व्याज भरून आम्ही ते कर्ज नवे करून घेतो. सराफाने त्या पाटल्यांची आजची किंमत एक लाख पाच हजार सांगितली. नणंदेचे २५ हजार आणि किराणा दुकानाचे सात हजारही द्यायचे आहेत, पण ती घरातलीच देणी आहेत. एकूण कर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास असेल. सावकाराचे कर्ज यजमानांना माहीत नाही. आता तिसऱ्या गटातून ५० हजार मिळत आहेत. ते घेऊन सावकाराचे फेडावे का? – एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुम्ही एवढ्या तपशिलाने आकडे लिहिलेत, म्हणजे अर्धे अवघड काम तुम्ही आधीच केले आहे. त्यांची बेरीज मात्र पुन्हा करू या. ४० हजार, ६० हजार, ३८ हजार, २७ हजार, फ्रीजचे नऊ हजार, किराण्याचे सात हजार आणि नणंदेचे २५ हजार मिळून दोन लाख सहा हजार होतात. नणंदेचे आणि दुकानदाराचे पैसे तुम्ही मनातल्या मनात कर्जातून वगळलेत. मी २३ वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केले. त्या काळात समोर बसलेल्या बहुतेक कुटुंबांनी सांगितलेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा कमीच असे. त्यात खोटेपणा नसे. घरातली देणी वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात असत आणि ती सगळी एका कागदावर कधी आलेलीच नसत, म्हणून तसे होई. तुमच्या घरातही कर्ज सगळ्यांचे आहे आणि हिशेब फक्त तुमच्या मनात आहे. आधी हे बदलावे लागेल.

आता तिसऱ्या गटाच्या कर्जाचे पाहू. नुसते गणित केले तर ते सावकारापेक्षा स्वस्त आहे, कारण सावकाराचे पाच टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के होतात. तरीही मी ते घेऊ नका असे म्हणेन. वर्षाला २४ टक्के दर धरला तर ५० हजारांसाठी दोन वर्षे दरमहा सुमारे २,६५० रुपयांचा हप्ता येईल. सावकाराला ४० हजार देऊन हातात उरलेले दहा हजार महिन्याभरात कुठे गेले, ते कळणारही नाही. शिवाय गटाच्या कर्जात तुमचा हप्ता चुकला की शेजारणीच्या दारात वसुली जाते, आणि ज्या बायकांच्या आधाराने तुम्ही उभ्या आहात त्यांच्याशीच संबंध बिघडतात.

तुमच्या पत्रातला खरा मार्ग पाटल्यांचा आहे. हे लिहिताना मला जड जाते, कारण त्या आईच्या आहेत. पण आज त्या तुमच्या हातात नाहीत, पतसंस्थेच्या तिजोरीत आहेत, आणि त्या तिथे राहाव्यात म्हणून तुम्ही वर्षाला ७,२०० रुपये भरता. त्या विकल्या तर पतसंस्थेचे ६० हजार फिटून ४५ हजार उरतात. त्यातून सावकाराचे पूर्ण मुद्दल देता येते आणि अडीअडचणीसाठी पाच हजार बाजूला राहतात. दरमहा सावकाराचे दोन हजार आणि तारणाच्या व्याजाचे सहाशे, असे २,६०० रुपये मोकळे होतात. किंमत निदान दोन सराफांकडून काढून घ्या, घट आणि मजुरीच्या नावाखाली किती कापणार ते आधी विचारा, आणि दागिना सोडवण्याचा व्यवहार पतसंस्थेच्या कार्यालयातच पावती घेऊन करा. हा निर्णय मात्र एकट्याने घेऊ नका.

सावकाराकडे पैसे घेऊन जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. या दराने ४० हजारांचे १४ महिन्यांचे व्याज ८,४०० रुपये होते. तुम्ही २८ हजार भरलेत. दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे, म्हणजे व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जाऊन त्या माणसाकडे परवाना आहे का ते विचारा, आणि तिथे लेखी तक्रारही करता येते हे लक्षात ठेवा. हा हिशेब कागदावर मांडून बोललात तर मुद्दलातही सूट मिळू शकते. शेवटची रक्कम देताना ती शक्यतो बँकेतूनच द्या. सही केलेला कोरा धनादेश किंवा मुद्रांक दिला असेल, तर तो परत घेतल्याशिवाय पैसे हातातून सोडू नका.

गटाच्या कर्जांबद्दलही काही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून ठरवून दिले आहे की, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मायक्रोफायनान्स कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. ही देणाऱ्यासाठी कमाल मर्यादा आहे. तेवढे कर्ज तुम्हाला झेपेल असा तिचा अर्थ नाही. तुमचे हप्ते आणि व्याज मिळून आज ८,९५० रुपये जातात, म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश, आणि तेवढ्यातच घराचा श्वास कोंडला आहे. ही कर्जे मुदतीआधी फेडली तर दंड लागत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येण्याची परवानगी नाही, आणि धमकी किंवा शिवीगाळ तर कधीच चालत नाही. तसे झाले तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मोकळ्या झालेल्या २,६०० रुपयांतून पहिल्या तीन महिन्यांत किराण्याची उधारी संपवा. उधारीचे गिऱ्हाईक दर विचारत नाही, आणि दुसऱ्या दुकानातही जाऊ शकत नाही. पाच महिन्यांनी फ्रीजचे १,८०० रुपये सुटतील. तेव्हा ही सगळी रक्कम २७ हजारांच्या गटकर्जावर जादा भरा आणि ते संपले की ३८ हजारांच्या कर्जाकडे वळा. नणंदेला आजच भेटून खरे सांगा आणि महिन्याला पाचशे का होईना, ठरलेल्या तारखेला द्या. नात्यातल्या पैशाला व्याज नसते, पण न बोलण्याने नाते झिजते. आठवडी पगार ही तुमची सोय आहे. महिन्याच्या हप्त्यांचे चार भाग करून पगाराच्या दिवशीच एक भाग वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे हप्त्याच्या तारखेला धावपळ होणार नाही.

आता यजमानांविषयी. तुम्ही हे कर्ज चैनीसाठी घेतलेले नाही. त्यांच्याच वडिलांच्या उपचारासाठी घेतले आणि १४ महिने एकटीने ओढले. पगाराच्या दिवशी किंवा भांडणाच्या भरात सांगू नका. सुटीच्या दिवशी सकाळी, वही पुढे ठेवून सांगा. वहीच्या एका पानावर सगळी देणी आणि दुसऱ्या पानावर वर दिलेला मार्ग लिहा. ऐकणाऱ्याला देण्यांसोबत वाटही दिसली तर राग आला तरी तो फार काळ टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. मग ती वही कपाटात बंद करू नका. दर आठवड्याला पंधरा मिनिटे दोघांनी तिच्यासमोर बसायचे आणि मुले मोठी असतील तर त्यांनाही बसवायचे. घरात पैसे कमी आहेत हे मुलांना कळतच असते. कारण कळले नाही की त्यांना भीती वाटते, आणि कारण कळले की तीच मुले दिवे बंद करू लागतात.

दवाखान्याचा खर्च हेच तुमच्या सावकाराचे मूळ होते, म्हणून एवढे करून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांना शिधापत्रिका दाखवून दाखल होण्याआधीच विचारा. यजमानांचे वय पन्नाशीच्या आत असेल तर बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन ज्योती विमा आणि २० रुपयांत अपघाताचा सुरक्षा विमा सुरू करता येतो. कर्ज फिटेपर्यंत थांबू नका, हे दोन्ही याच महिन्यात करा.

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डावर ८० हजार बाकी आहेत. मी दरमहा किमान रक्कम, म्हणजे चार हजार, न चुकता भरतो. तरी बाकी कमी का होत नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : कारण तुमच्या चार हजारांपैकी फार थोडे मुद्दलात जातात. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर ८० हजारांवर २,८०० रुपये व्याज होते आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणून ५०४ रुपये लागतात. उरले ६९६ रुपये. शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून आज कार्डाचा वापर थांबवा. तुमच्या कार्यालयात पगारदारांची सहकारी पतसंस्था असेल तर तिथून, नाहीतर बँकेतून कमी दराचे वैयक्तिक कर्ज घेऊन ही बाकी एकरकमी भरा, आणि त्या कर्जाचा हप्ता चार हजारांपेक्षा कमी ठेवू नका. थोडी सूट देऊन ‘सेटलमेंट’ करण्याचा प्रस्ताव आला तर घाई करू नका, कारण ती नोंद पत अहवालात राहते आणि पुढे घराचे कर्ज मागताना आड येते. प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून पाहा.

प्रश्न : मी आमच्या गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. सभासद महिला बाहेरून कर्ज घेतात तेव्हा ‘दोनच टक्के व्याज आहे’ एवढेच पाहतात. सपाट दर आणि घटत्या शिलकीवरचा दर यांतला फरक त्यांना कसा शिकवावा? काही जणींना लिहिता-वाचता येत नाही. – एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : फळा आणि सूत्रे बाजूला ठेवा आणि चिंचोके घ्या. १२ हजारांचे कर्ज १२ महिन्यांत फेडायचे आहे असे समजून बारा चिंचोके मांडा. एक चिंचोका म्हणजे एक हजार मुद्दल आणि त्यावर दोन टक्क्यांनी महिन्याला २० रुपये व्याज. दर महिन्याला एक चिंचोका उचलायचा आणि उचलण्याआधी समोर जेवढे असतील तेवढ्यांचेच व्याज मोजायचे. पहिल्या महिन्यात २४० रुपये, दुसऱ्यात २२०, असे करत शेवटच्या महिन्यात २० रुपये येतात. सगळे मिळून १,५६० रुपये होतात. हा घटत्या शिलकीचा हिशेब.

मग दुसऱ्यांदा मांडा. या वेळी चिंचोके तसेच उचलायचे, पण व्याज मात्र दर महिन्याला पूर्ण बाराचे, म्हणजे २४० रुपये मोजायचे. वर्षाचे २,८८० रुपये होतात. शेवटच्या महिन्यात समोर एकच चिंचोका असतो आणि व्याज मात्र बाराचे मागितले जाते. तिथे थांबा आणि काही बोलू नका. ‘उरलेल्या अकरांचे पैसे कशाचे?’ हा प्रश्न कुणीतरी बाई स्वतःच विचारेल. तो तिचा तिला सुचला पाहिजे, कारण पुढे एजंटासमोर तिला तोच विचारायचा आहे.

हा खेळ एका बैठकीत संपवू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या एका खऱ्या कर्जाचे कागद आणावेत. बँका आणि वित्तसंस्था मुख्य बाबींचे जे पत्रक देतात, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो आकडा कुठे छापला आहे ते बोट ठेवून दाखवा. प्रक्रिया शुल्क आणि विमा कापून हातात प्रत्यक्ष किती पडले, तेही प्रत्येकीकडून सांगवून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी त्यांची शाळेत जाणारी मुलगी बसवा आणि आकडा तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.